मुलांचा फ्लू कधी गंभीर होतो? ‘आधीपासून आजार होता’ या वाक्यामागचा हिशोब

अमेरिकेतील सीडीसी ही सरकारी आरोग्य संस्था फ्लूने दगावलेल्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवते. २०२४-२५ च्या फ्लू हंगामाचा तिचा अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला. त्या एका हंगामात तिथे १८ वर्षांखालील २८० मुलांचा फ्लूमुळे मृत्यू झाला. ही नोंद २००४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून, २००९-१० ची स्वाइन फ्लूची साथ सोडली, तर एवढा आकडा कोणत्याही हंगामात आला नव्हता. ज्या मुलांचा वैद्यकीय इतिहास उपलब्ध होता, त्यांच्यापैकी ५६ टक्के मुलांना आधीपासून काही ना काही आजार होता.

ही बातमी आपल्याकडे मोबाइलवरून फिरली तेव्हा तिचे दोन अर्थ लावले गेले. काहींनी म्हटले, “म्हणजे आधीच आजारी असलेली मुलंच दगावतात, आपलं मूल धडधाकट आहे, काळजी नको.” काहींनी म्हटले, “जवळजवळ निम्मी मुलं निरोगी होती, म्हणजे आधीच्या आजाराचा काही संबंध नाही.” पावसाळ्यात दवाखान्यात येणाऱ्या पालकांकडून मी ही दोन्ही वाक्ये ऐकली आहेत. दोन्ही चुकीची आहेत. हा आकडा नीट समजला तर आपल्या घरात कोणत्या मुलासाठी किती घाई करायची, हे ठरवणे सोपे जाते.

आकडा कसा वाचायचा?

एक सोपे गणित करू. समजा, एखाद्या गावात १०० मुले आहेत. त्यांपैकी १० मुलांना दमा, फिट्स, हृदयाचा जन्मजात दोष असा काही दीर्घकाळचा आजार आहे. उरलेली ९० निरोगी आहेत. आता मोठ्या लोकसंख्येत मुलांचे हेच प्रमाण आहे असे धरा आणि दर १०० मृत्यूंपैकी ५६ आजार असलेल्या गटातले आणि ४४ निरोगी गटातले आहेत असे धरा. ५६ मृत्यू फक्त दहा टक्के मुलांमध्ये वाटले गेले, तर ४४ मृत्यू नव्वद टक्के मुलांमध्ये. म्हणजे आजार असलेल्या एका मुलाचा धोका निरोगी मुलाच्या साधारण ११ पट झाला.

दहाऐवजी २० टक्के मुलांना आजार आहे असे धरले, तरी धोका सुमारे ५ पट निघतो. नेमके प्रमाण देशानुसार आणि आजारानुसार बदलेल. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. पण मुद्दा पक्का आहे. आजार असलेल्या मुलाचा धोका कित्येक पट जास्त असतो. आणि निरोगी मुलांची संख्याच मुळात खूप मोठी असल्यामुळे, प्रत्येकाचा धोका अगदी कमी असूनही त्यांच्यातही मृत्यू होतात.

हेही लक्षात ठेवायला हवे की एकूण धोका लहानच आहे. त्या वाईट हंगामातही अमेरिकेतील प्रमाण दर दहा लाख मुलांमागे सुमारे ३.८ मृत्यू इतके होते. फ्लू झालेली बहुतेक मुले पाच-सात दिवसांत बरी होतात. त्यामुळे घाबरून जाऊ नये. मात्र ज्या मुलासाठी हा हिशोब वेगळा आहे, ते मूल आपल्या घरात आहे का, हे पालकांना माहीत असायला हवे.

‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे नेमके काय?

इथेच आपल्याकडे सर्वांत मोठा घोळ होतो. “काही आजार आहे का?” असे विचारले की पालक “नाही” म्हणतात. मग केस पेपर पाहताना कळते, की मूल रोज इन्हेलर घेते किंवा दोन वर्षांपासून फिट्सची गोळी चालू आहे. दम्याला घरी ‘ॲलर्जी’ म्हणतात, ‘कफ प्रकृती’ म्हणतात, ‘वातावरण बदललं की छाती भरते’ म्हणतात. औषध चालू असताना मूल खेळते, शाळेत जाते, म्हणून त्याला आजार मानलाच जात नाही. शाळेत किंवा नातेवाइकांत कळू नये म्हणून फिट्सची गोष्ट लपवलीही जाते. फ्लूच्या दृष्टीने मात्र पुढील सगळी मुले जास्त जोखमीची आहेत.

• दमा किंवा फुप्फुसाचा इतर दीर्घ आजार असलेली मुले
• हृदयाला छिद्र किंवा झडपेचा आजार असलेली, हृदयाचे ऑपरेशन झालेली मुले
• सेरेब्रल पाल्सी, फिट्स, स्नायूंचा अशक्तपणा, वाढीत मोठा उशीर असलेली मुले
• सिकलसेल, थॅलेसेमिया यांसारखे रक्ताचे आजार असलेली किंवा प्लीहा काढलेली मुले
• इन्सुलिनवर असलेली मधुमेही मुले
• किडनी किंवा लिव्हरचा दीर्घ आजार असलेली मुले
• कॅन्सरचे उपचार चालू असलेली, एचआयव्ही असलेली, किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारी मुले. नेफ्रोटिक सिंड्रोमची बरीच मुले यात येतात
• खूप जास्त लठ्ठपणा असलेली मुले
• कावासाकीसारख्या आजारासाठी रोज ॲस्पिरिन घेणारी मुले

या यादीत एक गट असा आहे, ज्याला कोणताही ‘आजार’ नसतो: पाच वर्षांखालील, विशेषतः दोन वर्षांखालील मुले. त्यांच्या श्वासनळ्या अरुंद असतात आणि फ्लूशी त्यांच्या शरीराची ओळख झालेली नसते. महिन्यांआधी जन्मलेली आणि कुपोषित बाळे यांच्याकडे तर आणखी बारकाईने लक्ष द्यावे लागते.

सर्वांत दुर्लक्षित गट: मेंदू आणि नसांचे आजार

जोखीम म्हटली की पालकांना दमा आठवतो. पण २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत अमेरिकेत दगावलेल्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. माहिती उपलब्ध असलेल्या ३३६ मुलांपैकी २२७ मुलांना आधीपासून आजार होता. त्या २२७ पैकी १४६ मुलांना, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मुलांना, मेंदू किंवा नसांशी संबंधित आजार होता.

असे का होते? फ्लूचा विषाणू श्वासनळीच्या आतले अस्तर खराब करतो. तिथे चिकट स्राव साठतो. निरोगी मूल जोरात खोकून तो बाहेर काढते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या छातीचे आणि गळ्याचे स्नायू हे काम नीट करू शकत नाहीत. लाळ किंवा दूध श्वासनळीत उतरते. पाठीला बाक असेल तर फुप्फुसाला फुगायला जागाच कमी असते. तापामुळे फिट्स वाढतात. शिवाय यातली बरीच मुले ‘मला धाप लागते’ हे सांगू शकत नाहीत. मूल चिडचिड करते, दूध नको म्हणते, एवढेच घरच्यांना दिसते. आजार किती पुढे गेला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

इतर आजारांची वाट वेगळी आहे. दम्यात श्वासनळ्या आधीच सुजलेल्या असतात, फ्लूने ती सूज भडकते आणि मोठा ॲटॅक येतो. हृदयाच्या दोषात तापामुळे वाढलेला ठोका आणि कमी झालेला ऑक्सिजन हा भार हृदयाला पेलत नाही. मधुमेही मुलाची साखर तापात वर जाते. “मूल जेवत नाही” म्हणून पालकांनी इन्सुलिन पूर्ण बंद केले तर रक्तात कीटोन साठून मूल अत्यवस्थ होऊ शकते. सिकलसेलमध्ये ताप, पाणी कमी पडणे आणि कमी ऑक्सिजन या तिन्ही गोष्टी लाल पेशींना विळ्याच्या आकाराकडे ढकलतात. छातीत दुखणे आणि धाप सुरू झाली तर ती तातडीची अवस्था असते. अशा मुलांची प्लीहा बहुधा नीट काम करत नसते, त्यामुळे फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोकोकससारख्या जिवाणूंचा हल्ला त्यांना झेपत नाही.

निरोगी मुलांत काय घडते?

आधीचा आजार नसलेल्या मुलांत गंभीर फ्लू साधारण तीन वाटांनी येतो. विषाणूमुळेच होणारा न्यूमोनिया ही पहिली. दुसरी वाट जिवाणूंच्या जोड-संसर्गाची. ताप उतरतो, मूल सुधारते असे वाटते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा जोराचा ताप, खोकला आणि धाप सुरू होते. गेलेला ताप परत येणे हे लक्षण कधीही साधे समजू नये. तिसरी वाट मेंदूची. २०२४-२५ च्या हंगामात अमेरिकेत फ्लूमुळे मेंदूवर परिणाम झालेल्या १०९ मुलांची नोंद झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक मुले आधी निरोगी होती. फ्लूच्या तापात मूल गुंगीत जात असेल, विचित्र बोलत असेल, ओळखत नसेल किंवा फिट आली असेल, तर घरी थांबू नये.

आपल्याकडचे चित्र

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. स्वाइन फ्लूचा तो देशातील पहिला मृत्यू होता. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, तोंडाला रुमाल बांधलेले पुणेकर आणि बंद शाळा अनेकांना आठवत असतील. त्यानंतर ही साथ संपली असे लोकांना वाटले, पण तो विषाणू दरवर्षीच्या फ्लूचाच भाग होऊन राहिला आहे. २०१५ मध्ये देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण आणि सुमारे तीन हजार मृत्यू नोंदले गेले. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात सातशेहून अधिक मृत्यू झाले.

पण या आकड्यांतून आपल्याला एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. यात मुले किती होती आणि त्यांना कोणते आजार होते? राष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध होणाऱ्या तक्त्यात राज्य, रुग्ण आणि मृत्यू एवढेच रकाने असतात. अमेरिकेतही पूर्वी अशी स्वतंत्र नोंद नव्हती. २००३-०४ च्या हंगामात अनेक मुले दगावली, त्यानंतर तिथे फ्लूने झालेला प्रत्येक बालमृत्यू कळवणे सुरू झाले. म्हणूनच आज सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा धोका आपण आकड्यांत सांगू शकतो, पण तो त्यांच्या आकड्यांत. आपल्याकडे सिकलसेल, कुपोषण, उशिरा निदान झालेले हृदयदोष यांचे प्रमाण वेगळे आहे. आपली स्वतःची नोंद असती, तर यादीचा क्रमही कदाचित वेगळा दिसला असता.

लस: कोणाला, केव्हा आणि किती उपयोगी?

आधी उपयोग पाहू. फ्लूची लस गोवरच्या लशीसारखी भक्कम नाही. विषाणू दरवर्षी रूप बदलतो. लस त्याच्याशी चांगली जुळली, तर आजाराचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. “लस घेऊनही सर्दी-ताप आलाच” ही तक्रार त्यामुळेच येते. पण लशीचे मुख्य काम मृत्यू आणि अतिदक्षता विभाग टाळणे हे आहे. अमेरिकेत २०१० ते २०१४ या काळातील बालमृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात लशीमुळे मृत्यूचा धोका निरोगी मुलांत ६५ टक्क्यांनी आणि आधीपासून आजार असलेल्या मुलांत ५१ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. २०२४-२५ मध्ये दगावलेल्या, लस घेण्यास पात्र असलेल्या आणि लशीची माहिती उपलब्ध असलेल्या मुलांपैकी ८९ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण नव्हते.

भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे आयएपी, सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सर्व मुलांना दरवर्षी ही लस द्यावी असे सांगते. पाच वर्षांनंतर जोखमीच्या आजारांच्या मुलांनी ती दरवर्षी चालू ठेवावी. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच लस घेत असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पुढे दरवर्षी एक. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये वाढतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी लस घेणे सोयीचे. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. लस घेताना ती त्या वर्षीचीच आहे ना, हे विचारून घ्या.

सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देता येत नाही. त्याचे संरक्षण गरोदरपणी आईने घेतलेल्या लशीतून आणि घरातल्या इतरांच्या लसीकरणातून होते. इंजेक्शनच्या लशीतला विषाणू मृत असतो, त्यातून फ्लू होऊ शकत नाही. दमा, कॅन्सरचे उपचार, एचआयव्ही यांत ही इंजेक्शनची लस चालते. कॅन्सरच्या मुलांत वेळ मात्र त्यांचे तज्ज्ञ ठरवतात. “आधीच आजारी आहे, आणखी लस कशाला?” असे आजी-आजोबा काळजीपोटी म्हणतात. त्यांना सांगायला हवे, की याच नातवाला तिची सर्वांत जास्त गरज आहे.

अडचण पैशांची आहे. ही लस सरकारच्या नियमित बाल लसीकरणात नाही. खासगीत एका डोसला हजार रुपयांहून जास्त खर्च येतो आणि पहिल्या वर्षी दोन डोस लागतात. महिन्याची फिट्सची औषधे आणि फिजिओथेरपी यांतच मेटाकुटीला आलेल्या कुटुंबाला हे परवडत नाही. म्हणजे ज्यांना लस सर्वांत आवश्यक, तीच मुले तिच्यापासून लांब राहतात.

यावर उपाय आहे. महाराष्ट्राने २०१५ पासून गर्भवती महिला, मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचे रुग्ण अशा जोखमीच्या गटांना ही लस मोफत देण्यास सुरुवात केली. म्हणजे जोखमीनुसार लस देण्याचे तत्त्व राज्याला मान्य आहे. आणि जोखमीची मुले शोधायला नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांमध्ये जाऊन मुले तपासतात. त्यांच्या यादीत जन्मजात हृदयदोष, दम्यासारखे श्वसनाचे आजार, फिट्स, स्नायू आणि हालचालींतले दोष, तीव्र कुपोषण हे सगळे आहे. सिकलसेलसाठी जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम चालू आहे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत रुग्णांच्या याद्या तयार होत आहेत. या याद्यांतील मुलांना मे महिन्यात फ्लूची लस देणे हे काम संख्येने मोठे नाही. सरसकट सगळ्या मुलांना लस द्यायची की नाही, यावर खर्चाचा वाद होऊ शकतो. या मुलांबाबत तो वाद व्हायचे कारण नाही.

ताप आला तर काय करावे?

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फ्लूच्या रुग्णांचे ए, बी आणि सी असे गट आहेत. सौम्य लक्षणे असलेले निरोगी मूल ‘ए’ गटात येते. त्याला विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ, वजनानुसार पॅरासिटामॉल आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी पुरते. तीच सौम्य लक्षणे पाच वर्षांखालील किंवा जोखमीचा आजार असलेल्या मुलाला असतील, तर ते मूल थेट ‘बी’ गटात जाते. त्याच्यासाठी ऑसेल्टामिव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा विचार लगेच करावा लागतो. तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबायचे नसते.

हे औषध दिवसातून दोनदा, पाच दिवस, वजनानुसार दिले जाते. पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत उपयोगी ठरते. जोखमीच्या किंवा गंभीर मुलात उशीर झाला असला तरी ते देतात. निरोगी मुलात आजार साधारण एखाद्या दिवसाने कमी होतो, एवढाच त्याचा फायदा असतो, म्हणून प्रत्येक सर्दी-तापाला ते मागू नये. काही मुलांना उलटी होते, खाण्याबरोबर दिले तर त्रास कमी होतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नये.

काही गोष्टी टाळा. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कधीही देऊ नका. त्यातून लिव्हर आणि मेंदूला इजा करणारा राय सिंड्रोम होऊ शकतो. जे मूल डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ॲस्पिरिन घेते, त्याने ती मनाने बंद न करता ताप येताच डॉक्टरांना फोन करावा. पावसाळ्यात डेंग्यूही असतो, म्हणून आयबुप्रोफेनसारखी औषधे स्वतःहून देऊ नका. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही. लवकर ताप उतरावा म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन किंवा सिरप मागू नका. मात्र दम्याचा रोजचा इन्हेलर, फिट्सची गोळी, हृदयाचे औषध, इन्सुलिन आणि नेफ्रोटिकसाठी चालू असलेले स्टेरॉइड तापात अचानक थांबवू नका.

खालीलपैकी काहीही दिसले तर मूल ‘सी’ गटात आहे असे समजा आणि त्याच वेळी रुग्णालय गाठा.

• श्वास जलद चालणे: दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त (मूल शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजावे)
• श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डे पडणे, ओठ किंवा नखे निळसर होणे
• दूध, पाणी न घेणे. आठ तासांत लघवी न होणे
• गुंगी, सतत चिडचिड, न ओळखणे, फिट
• छातीत दुखणे, थुंकीतून रक्त
• पायांच्या पोटऱ्या इतक्या दुखणे की मूल चालायला नकार देते, किंवा लघवी गडद होणे
• उतरलेला ताप आणि खोकला पुन्हा जोरात सुरू होणे
• आधीचा आजार बिघडणे: इन्हेलरने न थांबणारी धाप, वाढलेल्या फिट्स, वर जाणारी साखर
• तीन महिन्यांखालील बाळाला कोणताही ताप

पालकांसाठी एक छोटे काम

तुमच्या मुलाला यादीतला कोणताही आजार असेल, तर एका कागदावर आजाराचे नाव, चालू औषधे आणि त्यांचे डोस, मुलाचे वजन, औषधांची ॲलर्जी आणि शेवटच्या फ्लू लशीची तारीख लिहून ठेवा. त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. शाळेच्या वर्गशिक्षकांनाही एक प्रत द्या. रात्री दहा वाजता अनोळखी डॉक्टरांसमोर बसलात, की हा कागद “काही आजार आहे का?” या प्रश्नाचे बरोबर उत्तर देईल. त्या उत्तरावर मूल ‘ए’ गटात की ‘बी’ गटात, औषध आज सुरू करायचे की दोन दिवस वाट पाहायची, हे ठरते. आणि मे महिन्यात लस घेतल्यावर त्याच कागदावर नवी तारीख लिहायला विसरू नका.